पडदे लावलेली सरकारी गाडी

हे सगळं घडलं ते १९७४ साली. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या जूनमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाले आणि डिसेंबरअखेर आम्हाला सरकारी घर सोडायचं होतं. नोकरी संपल्यावर सहा महिन्यांची मुभा, मग दाराला सरकारी कुलूप, असा नियम. त्यात एकच फट होती. निवृत्त माणसाचं अपत्य सरकारी नोकरीत कायम असेल, तर घर त्याच्या नावावर करून मिळे. मी सरकारी नोकरीत होते, पण कायम नव्हते.

मी बॉयलर निरीक्षकाच्या कचेरीत टंकलेखक होते. कारखान्यांतले वाफेचे बॉयलर तपासायचे, धड असतील तर दाखला द्यायचा, नसतील तर बंद ठेवायला लावायचे, हे त्या कचेरीचं काम. कचेरी म्हणजे दोन खोल्या. आतली खोली साहेबांची. तिथे हिरवं कापड लावलेलं टेबल, हात ठेवायला लाकडी दांड्या असलेली खुर्ची आणि भिंतीवर बॉयलरच्या पोटाचा मोठा नकाशा. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं: हेडक्लार्क, ड्रायव्हर आणि मी. साहेब नव्हतेच. आधीचे साहेब एका साखर कारखान्याचा बॉयलर तपासायला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. तेव्हापासून ती जागा रिकामी होती.

कारण अगदी साधं होतं. साहेबांच्या पदाला जी वेतनश्रेणी होती, ती कोणे एके काळी कुणीतरी ठरवून ठेवलेली. ज्या कारखान्यांची तपासणी करायची, तेच कारखाने इंजिनिअरला दुप्पट पगार देत. मग तपासणारा व्हायला कोण येईल? दरवर्षी जाहिरात निघे. एकदा एक उमेदवार मुलाखतीला आला, पगाराचा आकडा ऐकला आणि अगदी सरळ मनाने त्याने विचारलं, "हा पंधरवड्याचा ना?"

शेजारच्या विभागाचे निरीक्षक महिन्यातून एकदा येत, उभ्याउभ्याच दाखल्यांवर सह्या करून जात. पण मला कायम करण्याची सही त्यांची चालत नव्हती. कर्मचाऱ्याला कायम करायचं तर त्याच्या स्वतःच्या साहेबांनी केलं पाहिजे. म्हणजे आमचं घर वाचायला मला साहेब हवे होते, आणि साहेब यायला पगार हवा होता.

आमच्या हेडक्लार्कना सगळे 'पोटनियम' म्हणत. समोरही म्हणत आणि त्यांना ते आवडेही. कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे नियम असे, त्या नियमाला अपवाद असे आणि त्या अपवादालाही एक अपवाद असे. त्या वर्षीच्या जानेवारीत ते एक दिवस चष्मा कपाळावर चढवून माझ्या टेबलाशी आले.

"मुली, साहेबांचा पगार आपण वाढवू शकत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पण हाताखालच्या माणसाचा पगार साहेबांपेक्षा जास्त झाला, तर साहेबांचा पगार त्याच्या बरोबरीला आणून वर एक वेतनवाढ द्यावी लागते. असा नियम आहे."

"पण इथे साहेबांपेक्षा जास्त पगार कुणाचा होणार? माझा?"

पोटनियमांनी मान वळवून ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर खिडकीत बसून चपलेचे खिळे ठोकत होता. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. त्याची नोकरी इतकी जुनी होती की वेतनवाढी साचत साचत त्याचा पगार साहेबांच्या सुरुवातीच्या पगाराला येऊन टेकला होता.

"याला विशेष श्रेणी मिळाली की झालं," पोटनियम हळूच म्हणाले.

उस्ताद वर न बघता म्हणाला, "माझे कान तिखट आहेत. काय मिळणार म्हणालात?"

विशेष श्रेणीला अट होती. ठरावीक अंतर दौऱ्याच्या रस्त्यावर, अपघात न करता, गाडी चालवलेली पाहिजे. आणि दौरा कुणाचा? साहेबच नाहीत, तर गाडी शेडमधून हलणार कशी? पोटनियमांनी वर लिहून विचारलं की अधिकारी नसताना अधिकाऱ्याच्या दौऱ्याच्या मार्गावर वाहन चालवता येईल काय. दोन महिन्यांनी उत्तर आलं: वाहन सुस्थितीत राहण्यासाठी चालवण्यास हरकत नाही, मात्र वाहनात अनधिकृत व्यक्ती नसावी.

"म्हणजे गाडी रिकामी न्यायची," पोटनियम म्हणाले.

"रिकामी?" उस्ताद म्हणाला. "आयुष्यभर साहेब लोकांना फिरवलं. आता हवा फिरवू?"

"हवेचा पगार मिळणार आहे तुला. चल, ऊठ."

तशी गाडी सुरू झाली. काळी, जुनी, मागच्या काचांना करड्या कापडाचे पडदे. साहेबाला ऊन लागू नये म्हणून ते कधीकाळी लावलेले होते. उस्ताद रोज सकाळी कपडे झाडून, टोपी घालून निघायचा. ठरलेल्या मार्गावरच्या प्रत्येक कारखान्याच्या दारापर्यंत जायचा, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबायचा, मग पुढच्या कारखान्याला. त्याला उतरायची परवानगी नव्हती, कारण आदेशात उतरण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

पुढे काय होईल याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. पहिल्या आठवड्यातच दारावरचे पहारेकरी गाडीला सलाम ठोकू लागले. सरकारी पाटी, ओढलेले पडदे, गप्प बसलेला ड्रायव्हर. लोकांनी ठरवूनच टाकलं की नवे निरीक्षक आलेत आणि ते भयंकर कडक आहेत. आत येत नाहीत, चहा घेत नाहीत, काच खाली करत नाहीत. फक्त थांबतात, बघतात आणि जातात. महिन्याभरात कारखान्यांतून आमच्याकडे पत्रं येऊ लागली की वाफेच्या झडपा नव्या बसवल्या आहेत, गळकी नळी बदलली आहे, बॉयलरवर पात्र माणूस नेमला आहे, साहेबांनी कृपया नोंद घ्यावी.

पोटनियमांनी सगळ्या पत्रांची नोंद घेतली. नोंद घेऊ नये असा काही नियम नव्हता.

"अहो, आधीच्या साहेबांनी ओरडून घसा बसवला तरी या लोकांनी झडप बदलली नव्हती," उस्ताद म्हणाला. "यांना उतरलेला साहेब चालतो. न उतरलेल्या साहेबाला घाबरतात."

मी हसले, पण घरी गेले की हसू पळायचं. आईने भांडी पुसून पेटीत भरायला सुरुवात केली होती आणि रोज त्यातली दोनचार स्वयंपाकाला पुन्हा बाहेर काढत होती. अण्णा बांधकाम खात्यात आयुष्यभर ओव्हरसिअर होते. सरकारी नियमावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. ते म्हणत, "डिसेंबरची एकतीस तारीख म्हणजे एकतीस. मी कुलपाची किल्ली स्वतः नेऊन देणार."

"आणि आपण जायचं कुठे?" आई विचारी.

"ते नियमात येत नाही."

"मग येतं तरी काय तुमच्या नियमात? तीस वर्षं मी या भिंती सारवल्या, पुसल्या, ते येतं का?"

अण्णा वर्तमानपत्र उघडत. त्यांचं वर्तमानपत्र आमच्या घरातली पाचवी भिंत होती.

ऑगस्टमध्ये उस्तादचं अंतर पुरं झालं आणि त्याला विशेष श्रेणी मिळाली. गाडी मात्र फिरतच राहिली, कारण ती थांबवण्याचा आदेश नव्हता. त्याने आम्हा दोघांना चहा पाजला आणि त्या दिवसापासून आतल्या खोलीच्या दारातून जाताना तो खुर्चीकडे जरा कनवाळू नजरेने बघू लागला. सप्टेंबरमध्ये नवी जाहिरात निघाली. तिच्यात पोटनियमांनी दोन गोष्टी घालून घेतल्या होत्या: नियमानुसार वाढीव वेतन आणि निवासाची सोय. निवासाची सोय कुठून आली, ते मी विचारलं नाही. चांगली कल्पना वाटली एवढंच.

टपाल आलं तेव्हा मात्र आम्ही कपाळावर हात मारला. ड्रायव्हरला साहेबापेक्षा जास्त पगार आहे ही बातमी कुठून तरी फुटली होती. अर्जांचा ढीग आला, तो सगळा ड्रायव्हरच्या जागेसाठी. ती जागा रिकामी नव्हतीच. अर्जदारांत दोन पदवीधर इंजिनिअरसुद्धा होते.

"मी अजून जिवंत आहे हे यांना कुणीतरी कळवा," उस्ताद म्हणाला.

निरीक्षकाच्या जागेसाठी अर्ज आला एकच. एकच होता म्हणून त्याची निवडही झाली.

तो आला डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि आला तो थेट आमच्या घरी. मी दार उघडलं तर पायरीवर एक ट्रंक, एक वळकटी आणि तिशीच्या आतला एक उंच माणूस. हातात वाटपाचा आदेश.

"हे घर मला मिळालंय," तो म्हणाला. "रिकामं आहे ना?"

माझ्या मागून आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "रिकामं? हे काय रिकामं दिसतं तुम्हाला?"

तेव्हा उमगलं. निवासाची सोय म्हणजे आमचंच घर. घरवाटप शाखेने यादीत पाहिलं, कुठलं घर डिसेंबरात सुटतंय, आणि लिहून टाकलं. ज्याच्या सहीने माझं घर राहायचं, त्याला माझंच घर दाखवून बोलावलं होतं.

अण्णांनी आदेश घेतला, उजेडात नेला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. "आदेश बरोबर आहे," ते अभिमानाने म्हणाले, जणू काही तो त्यांनीच काढला होता. "फक्त ताबा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. तुम्ही लवकर आलात. पण आलाच आहात तर बघून घ्या. मागच्या खिडकीची कडी सैल आहे, ती तुम्ही अर्ज करून बदलून घ्या. नळाला सकाळी पाणी बरं येतं."

"अहो!" आई ओरडली. "घर कसलं दाखवताय त्यांना?"

"मग काय लपवू? सरकारी आदेश आहे."

तो बिचारा ट्रंकेवर बसला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि सासऱ्यांनी अट घातली होती: आधी घर, मग तारीख. पगारासाठी तो आलाच नव्हता. घरासाठी आला होता. आईने हे ऐकलं, आत गेली आणि बराच वेळ भांडी जोरजोरात आदळत राहिली. मग त्याला जेवायला वाढलं. "पाहुणा म्हणून वाढतेय," ती म्हणाली, "मालक म्हणून नाही."

गावात राहायला दुसरी सोय नव्हती. अण्णांनी तोडगा काढला की महिनाभर त्याने आमच्या बाहेरच्या खोलीत राहावं. "आदेश आज पूर्ण पाळता येत नाही. एका खोलीपुरता पाळू."

सोमवारी साहेब कचेरीत रुजू झाले. पोटनियमांनी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला त्यांच्या पगाराचा. तो मंजूर व्हायला सोबत ड्रायव्हरच्या पगाराचा दाखला जोडावा लागे. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे माझा पगार यांच्यावरून ठरतो?"

"काळजी करू नका साहेब," उस्ताद दारातून म्हणाला. "मी तब्येतीला जपतो."

दुसरा कागद माझा. मला कायम करण्याचा. साहेबांनी पेन उघडलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत राहून आईचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असणारच.

"यावर सही केली की काय होतं?"

पोटनियम छताकडे बघू लागले. मीच बोलले, "घर आमच्याकडे राहतं."

"आणि मी?"

"तुमचं नाव प्रतीक्षा यादीत जातं."

"केव्हा मिळेल घर?"

पोटनियम खोकले. "साहेब, यादीत तुमच्या आधी जे आहेत, त्यांतले काही आता निवृत्त झालेत. म्हणजे यादी पुढे सरकतेय."

साहेबांनी पेन मिटलं. "बघू," म्हणाले.

ते 'बघू' पंधरा दिवस चाललं. आम्ही एकाच घरातून निघायचो आणि एकाच कचेरीत पोचायचो, ते गाडीतून आणि मी पायी. रोज सकाळी मी माझा कागद त्यांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवायची आणि रोज संध्याकाळी तो सगळ्यांत खाली असायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांचा राग येऊ नये असंही वाटायचं. माणूस वाईट नव्हता. आईला सकाळी नळाचं पाणी भरून द्यायचा, अण्णांशी बुद्धिबळ खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. त्याच्या जागी मी असते तर मीही पेन मिटलंच असतं.

"तुम्ही सही केली नाहीत तरी मी रागावणार नाही," एकदा आई त्याला वाढताना म्हणाली. "फक्त पोळी वाढणं बंद करीन."

मग तो दिवस आला. साहेब पहिल्यांदाच मोठ्या कागद कारखान्याचा बॉयलर तपासायला गेले. जे झालं ते उस्तादने परत आल्यावर आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तो दोनदा खुर्चीवरून उठला.

गाडी दारात थांबली. पहारेकऱ्याने सलाम केला. मग मागचं दार उघडलं आणि साहेब खाली उतरले. पहारेकऱ्याच्या हातातली काठीच पडली. आतून मॅनेजर धावत आले. "तुम्ही!" ते म्हणाले. "अहो, इतके महिने वाट बघतोय आम्ही. म्हटलं, हा माणूस कधी उतरणार! तुमच्या धाकाने आम्ही सगळा बॉयलर नवा करून घेतला."

"मी?" साहेब म्हणाले.

"सात आठ महिने रोज तीच वेळ, तीच गाडी. एकदा काच खाली केली नाहीत. इतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही."

साहेबांनी उस्तादकडे पाहिलं.

"मग तू काय केलंस?" पोटनियमांनी विचारलं.

"मी? मी टोपी नीट केली. मला काही उतरायची परवानगी नव्हती."

मॅनेजर साहेबांना आत घेऊन गेले. बॉयलर नवा कोरा, त्यात तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चहा झाला आणि चहाबरोबर मॅनेजरांनी नोकरी देऊ केली. पगार दुप्पट आणि कारखान्याच्या आवारात बंगला, पुढे बाग, मागे नोकरांची खोली. असा माणूस आमच्या विरुद्ध बसण्यापेक्षा आमच्याकडे बसलेला बरा, असं मॅनेजर म्हणाले. मागच्या सीटवर जी हवा आम्ही इतके महिने फिरवली, तिने कमावलेलं नाव साहेबांना आयतं मिळालं.

साहेब त्या संध्याकाळी घरी नीट जेवलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून आणला आणि पोटनियमांच्या टेबलावर ठेवला. पोटनियमांनी झटकन तोंड फिरवलं.

"साहेब, आधी तो."

"कोणता?"

"आतल्या टेबलावरचा. मुलीचा. हा मी घेतला की तुमच्या सहीला अर्थ राहणार नाही. हा मला अजून दिसलेला नाही. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. साहेब हसले. मग आत गेले, माझा कागद सगळ्यांत खालून काढला आणि सही केली. सही कोरडी होईपर्यंत फुंकर मारत बसले.

"आधीच करायला हवी होती," ते मला म्हणाले.

"आधी केली असतीत तर तुमचं लग्न मोडलं असतं."

"आता मोडणार नाही. बंगला आहे." मग म्हणाले, "मी खरंच चांगला निरीक्षक झालो असतो हो."

माझ्या कागदाला जावक क्रमांक पडला, त्याच्या पुढचा क्रमांक त्यांच्या राजीनाम्याला. घर माझ्या नावावर झालं ते डिसेंबर संपायच्या आत. अण्णा जरा नाराजच दिसले. किल्लीला त्यांनी नवी दोरी बांधून ठेवली होती.

साहेबांचं लग्न फेब्रुवारीत झालं. आम्ही सगळे गेलो. पुढे ते त्या कारखान्याचे मुख्य इंजिनिअर झाले आणि अखेरपर्यंत तिथले कामगार त्यांना टरकून असत, हे त्यांना स्वतःला कधी कळलं नाही. उस्ताद चार वर्षांनी निवृत्त झाला. निवृत्तीनंतर त्याने टॅक्सी घेतली, पण मागे माणसं बसून बोलतात याचा त्याला कंटाळा आला आणि ती विकून टाकली. पोटनियम त्याच कचेरीच्या नोकरीत वारले, आजारी रजेवर असताना. ती रजा मंजूर झाल्याचं पत्र त्यांच्या मागे आलं. त्यांच्या जागेवर मला बसवलं.

निरीक्षकाची जागा पुन्हा भरली नाही. उलट वरून विचारणा झाली की रिकाम्या काळात कारखान्यांची स्थिती इतकी सुधारली, तर या पदाची गरज काय. ते पद रद्द झालं आणि दाखल्यांचं काम शेजारच्या विभागाकडे गेलं. कचेरी मात्र राहिली, कारण ती बंद करण्याबद्दल आदेशात काही नव्हतं.

अण्णा त्याच घरात, वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. आई त्यानंतर बरीच वर्षं होती. आल्यागेल्याला ती साहेबांची गोष्ट सांगायची आणि तिच्या गोष्टीत साहेब जरा जास्तच चांगले असायचे. मी निवृत्त झाले तेव्हा सहा महिन्यांच्या आत घर सोडलं आणि किल्ली स्वतः नेऊन दिली. घरवाटप शाखेतल्या मुलीने ती घेतली आणि विचारलं, "बाई, तुमच्या ओळखीत कुणी आहे का हे घर घ्यायला? आता सगळे घरभाडं भत्ता घेतात. एकूण अकरा घरं रिकामी पडलीत."